मूठभर शाडू

आषाढ लागला की आमच्या पेणच्या घरात कुठलीच गोष्ट धड वाळत नाही. कपडे वाळत नाहीत, भिंती वाळत नाहीत, बायकांचे केस वाळत नाहीत, आणि ज्यांनी वाळायलाच हवं ते गणपती तर मुळीच वाळत नाहीत. पंखे दिवसभर घरघरत असतात, कोपऱ्यात शेगडी धुमसत असते, आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे, फळ्यांवर मांडलेल्या कच्च्या मूर्तींना बोटांची मागची बाजू लावून बघत फिरतात. तापातल्या पोराचं कपाळ बघावं तसं. गुडघे गेले, पण ही फेरी काही त्यांनी सोडलेली नाही.

यंदाच्या शाडूच्या गोण्या परवा आल्या. गोणी फोडली की कोरडा, थंड, पाटीवरच्या पेन्सिलीसारखा एक वास घरभर होतो. गावाला त्या वासानं बाप्पाची चाहूल लागते. मी मात्र तो टाळते. चार वर्षं झाली, पण पहिली गोणी फोडताना मी काहीतरी निमित्त काढून आत जाते. गॅसवर दूध ठेवलंय, फोन वाजतोय, काहीही. यंदा आप्पा म्हणालेसुद्धा, "दरसाल बरोबर याच वेळेला तुझं दूध उतू कसं जातं गो?"

त्या वर्षी वैशाखात माझी आई गेली. रोह्याला कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी, तिथं ती एकटी राहायची. एकटी म्हणजे काळी नावाची एक कुत्री आणि ती. दादा नाशिकला. तो आला, दिवसकार्य नीट केलं, घर भाड्यानं द्यायचं ठरवलं, आणि मला म्हणाला, "तुला आईचं काय पाहिजे ते घेऊन जा." भांडी होती, दोन चांगल्या साड्या होत्या, देवातली अन्नपूर्णा होती. मला काहीच घ्यावंसं वाटेना. आई जायच्या महिनाभर आधी काळीला चार पिल्लं झालेली. तीन शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नेली. काळी आठवडाभर बंद दारासमोर बसून होती, मग एक दिवस कुठं गेली कुणालाच सांगता येईना. शेवटच्या फेरीला मी कुलूप लावायला गेले तर पायरीखाली चौथं पिल्लू. तपकिरी, पोट खपाटीला गेलेलं, एक पाय तेवढा पांढरा. आई त्याला रोज वाटीतून दूध पाजायची, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. मी त्याला भाजीच्या पिशवीत घातलं आणि दुपारची गाडी पकडली. नागोठणं गेलं, कासू गेलं, पिशवीतून हूं नाही की चूं नाही. ओल्या बोंबलासारखं नुसतं पडून होतं. म्हणून नाव पडलं बोंबील.

माणसं माहेराहून सोनंनाणं आणतात, लोणच्याची बरणी आणतात. मी मुतणारं एक पिल्लू आणलं.

"कारखान्यात बोंबलाचं नाव?" आप्पा दारातच गरजले. हंगामात आमच्याकडं मासळी शिजत नाही, आणि मी तर घरभर "बोंबील, बोंबील" करत हिंडणार होते. नावाचं त्यांनी कसंबसं सोसलं. पण घराची रचना अशी की पुढं कारखाना आणि मागं स्वयंपाकघर. मधे भिंत आहे, दार नाही. दाराची चौकट तेवढी आहे. आप्पांनी तिच्याकडं बोट दाखवलं. "याच्या अलीकडं त्याचा पाय लागता कामा नये. एकदा सांगितलं, परत सांगायचा नाय."

मी मान डोलावली. पिल्लाला वळण लावणं म्हणजे काय असतं याची मला कल्पनाच नव्हती. अष्टमीला कुत्री अंगणात जन्मायची आणि अंगणातच शिकायची. इथं बाहेर धो धो पाऊस, आत फरशी, आणि हे बोटभर जनावर दर अर्ध्या तासानं कुठंतरी थारोळं करून मोकळं. गॅसजवळ, गव्हाच्या डब्याशी, ह्यांच्या शिफ्टच्या बुटात. हे डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडं कामाला. बुटाचं ते हसण्यावारी नेलं, पण म्हणाले, "आप्पांपुढं मला उभा करू नको. तुझं तू बघ." मोबाइलवर कुत्र्यांना शिकवणारी एक बाई सापडली, मागं केवढी तरी हिरवळ, हातात खाऊ. ती सांगायची, जागा एकच ठेवा, त्या जागेचा वास राहू द्या, बरोबर केलं की बक्षीस द्या. हिरवळ सोडली तर बाकी सगळं मला जमण्यासारखं होतं.

जागा ठरवली मोरीपाशी.

आमच्या गल्लीत फरशीवर काही सांडलं तर कुणी फडकं शोधत नाही. रंग सांडो, तेल सांडो, चहाचा कप लवंडो, वर मूठभर कोरडी शाडू टाकायची. ती घटकाभरात सगळं पिऊन घेते, मग सुपलीत भरून टाकून द्यायची. लग्न होऊन आले तेव्हा मला याची गंमत वाटली होती. अष्टमीला आम्ही राख टाकायचो. पण इथं वीस वर्षं काढल्यावर हातच तसा वळतो. बोंबलानं मोरीपाशी पहिल्यांदा केलं, मी मूठभर शाडू टाकली. दुसऱ्यांदा केलं, परत टाकली. वास राहू द्या म्हणाली होती ना ती बाई, म्हणून सगळी न उचलता थोडी तिथंच पसरून ठेवली. आठ दिवसांत पठ्ठ्या शिकला! तरातरा जायचा, त्या पांढुरक्या पट्ट्यावर मागचे पाय फाकून बसायचा, आणि काम झालं की शेपूट हलवत माझ्यापुढं येऊन उभा. मी अर्धं बिस्कीट द्यायची. गल्लीतल्या प्रत्येक बाईला मी हे ऐकवलं. "माझ्या आईच्या हातचं दूध प्यायलाय, शहाणा असणारच."

गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं तर चौकटीच्या पलीकडंच होतं.

थोडा अंगानं भरला तशी त्याला चौकट ओलांडायची हिंमत आली. कारखान्यात मळलेल्या मातीचा ढीग ओल्या गोणपाटाखाली झाकलेला असतो. माती तुडवायचं काम सोनूबाईचं. ती डोंगराकडच्या कातकरवाडीतून येते, आणि तिच्या पायाखालून गेलेल्या मातीत गुठळी सापडत नाही. एका सकाळी गोणपाट बाजूला होतं. बोंबील सगळ्यांच्या देखत निघाला, ढिगावर चढला, बसला, केलं, आणि तिथून सरळ माझ्याकडं धावत आला. शेपूट अशी हलत होती की मागचं अर्धं अंगही तिच्याबरोबर हलत होतं. माझ्यापुढं बसून त्यानं वर बघितलं.

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

तो ओरडला नाही. थोडा लवंडला, उठला, आणि परत तसाच वर बघत बसला. बिस्कीट द्यायचं मी विसरले असंच त्याला वाटलं असणार. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त आप्पा दिसत होते. त्यांनी तो सगळा ढीग घमेल्यांत भरायला लावला आणि बाहेर फेकून दिला. सोनूबाई माझ्यावर डाफरली. "सकाळधरनं पाय मोडलं माझं, वयनी. आता परत तुडवू?"

दुसऱ्यांदा त्यानं फळ्यांखाली केलं, जिथं घासलेल्या मूर्तींचा चुरा पडतो. शेजारणीनं सांगितलेलं, नाक घासा, जन्मात विसरणार नाही. मी मान धरून त्याचं नाक त्यात घासलं. मग हे होतच राहिलं. आत मोरीपाशी केलं की बिस्कीट, चौकटीपलीकडं केलं की मार. एकाच दिवसात दोन्ही. माझा हात चांगला जड आहे, आणि मी तो आवरून धरत नव्हते. मला त्याचा इतका राग यायचा की माझं मलाच नवल वाटायचं. अरे, तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं? तू इथं टिकला नाहीस तर मला अष्टमीचं म्हणून काय उरतं? पण पिल्लाला हे कोण सांगणार. मग आणखी एक धपाटा.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष मला त्या दिवसांत फार आठवायचं. मलाही या घराचं वळण लागायचं होतं. कुठल्या दिवसांत चौकट ओलांडायची नाही, कुठल्या फळीला हात लावायचा नाही, आप्पा मूर्तीपुढं बसले की पातेलंसुद्धा वाजवायचं नाही. मला कधी कुणी मारलं नाही. चुकलं की सगळे गप्प व्हायचे, बस. आणि मी दोन-दोन दिवस आठवत बसायची, आपण केलं तरी काय. ते इतकं लख्ख आठवत असूनही पिल्लू समोर आलं की माझा हात उठायचाच.

मग जिते गावाहून एक गृहस्थ आले. आमच्याकडं पद्धत अशी की गिऱ्हाईक आधी आपल्या घरचा पाट आणून देतं. त्यावर खडूनं नाव घालायचं, आणि त्या घरचा गणपती त्याच पाटावर बसून जातो. पाट ठेवला की शब्द पक्का. त्या घरचा पाट आप्पांच्या आज्ज्यापासून आमच्याकडं येत होता. त्यांनी तो जमिनीवर टेकवला आणि आप्पांशी पावसाचं बोलत उभे राहिले. जमिनीवर, जशी कायम असते, शाडूची पूड. बोंबील कुठून आला मी पाहिलंसुद्धा नाही. पाटाशेजारी बसला. ओघळ पाटाखाली गेला, शिंतोडे पाटावर.

त्या गृहस्थांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पाट पुसला, काखेत मारला. "येतो परत, आप्पा," म्हणाले आणि गेले. पाट घेऊन गेले. आलेला पाट आमच्या दारातून परत जाताना मी कधी पाहिला नव्हता. आप्पांनीही नसावा, कारण ते किती तरी वेळ रस्त्याकडंच बघत राहिले.

"श्रावण लागायच्या आत हे कुत्रं घरातनं गेलं पायजे," ते म्हणाले. आवाज चढवला नाही.

वीस वर्षांत मी त्यांच्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. हात जोडले. म्हटलं, "आप्पा, आईच्या घरातनं माझ्याकडं एवढंच आलंय हो. दुसरं काही नाही."

"नि माझ्या आज्ज्याच्या हातचं गिऱ्हाईक गेलं, त्याचं काय?"

त्यांचं खरंच होतं.

श्रावणाला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी किती जणांच्या दारात गेले याला गणती नाही. सगळ्यांना पिल्लू गोड वाटायचं, घ्यायचं कुणालाच नव्हतं. ह्यांनी सुचवलं, "कंपनीच्या गेटवर सोडू. तिथं दहा कुत्री हायत, कँटीनचं खातात." त्यांना वाटलं मी समजूतदारपणे हो म्हणेन. मी जेवत्या ताटावरून उठले. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले, आईच्या बाराव्यालाही रडले नव्हते इतकी. बोंबील शेजारी येऊन उभा राहिला. मी हात पुढं केला तर तो अंग चोरून खाली बसला. तेव्हाही मला तो लाजतोय असं वाटलं.

सोनूबाईनं माझं डोकं ठिकाणावर आणलं, आणि तेही मायेनं नाही, वैतागून. मोरीपाशी बोंबलानं केलं होतं आणि मी नेहमीप्रमाणं मूठभर शाडू टाकत होते. ती पाय धुवायला मागं आली होती. बघत राहिली. "वयनी, तुमीच त्याला दावताव."

"काय दाखवते?"

"हीच. माती. तो काय मोरीला जात नाय. मातीला जातो. आत माती, भायेर माती. तुमी हितं बिस्कूट घालताव नि तिथं मारताव. त्यानं काय समजायचं?"

माझ्या मुठीतली शाडू हळूहळू गळून गेली. मला वाटत होतं मी जागा शिकवतेय. तो शिकला होता शाडू. आणि अगदी बिनचूक शिकला होता. एकदाही चुकला नव्हता. आईच्या हातचं दूध प्यालेलं ते शहाणं पिल्लू मी सांगितलेलं तंतोतंत करत होतं, आणि ते केलं म्हणून मी त्याला बडवत होते. पेणच्या बाईखेरीज ही चूक दुसरं कोण करेल? बाकी जगात सांडलेल्यावर फडकं टाकतात.

मी मोरी खरवडून धुतली. शाडूचा कणही ठेवला नाही. छत्री घेऊन त्याला मागच्या परसात नेलं, गवतावर उभं केलं. आता नव्यानं शिकवायचं, मार नाही, नुसतं गोड बोलायचं, असा माझा निश्चय. पाच दिवस हातात होते. तो गवतावर उभा राहिला, कान पाडून. पाऊस, छत्री, मी आणि तो. काही नाही. आत आणलं, काही नाही. परत नेलं. दुपार झाली, संध्याकाळ झाली. त्यानं केलंच नाही. मोरीपाशी शाडू उरली नव्हती, बाहेरच्या शाडूवर केलं की मार बसतो हे त्याला आता पक्कं कळलं होतं, आणि शाडूवाचून दुसरीकडं करायचं असतं हे त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. म्हणून त्यानं करायचंच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. पाणी प्यायचं सोडलं. पोट टणक लागायला लागलं. मधेच उठायचा, स्वतःभोवती एक चक्कर मारायचा, बारीक कण्हायचा आणि माझ्याकडं चोरून बघून परत बसायचा. मी त्याच्यापुढं फरशीवर बसून म्हणत होते, "कर रे राजा. कुठंही कर. माझ्या मांडीवर कर." जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दुपारपर्यंत बघा, नाहीतर घेऊन या, नळी घालावी लागेल, एवढ्याशा जिवाला हे असं तुंबणं बरं नाही. मी आईला हाक मारली. मोठ्यानं. चाळिशी उलटलेली बाई मोरीच्या दारात बसून "आई गं" म्हणतेय, आणि पलीकडं कारखान्यातले सगळे ऐकतायत.

थोड्या वेळानं वर पाहिलं तर चौकटीत आप्पा. ते पिल्लाकडं बघत होते. माझ्याकडं नाही. मग मागं वळले आणि जरा वेळानं घमेलं घेऊन आले. घमेल्यात मी पाहिलं, तर ती जमिनीवरची पूड नव्हती. चाळून ठेवलेली, मूर्तीच्या मुखासाठी राखलेली शाडू होती, जिला ते आम्हाला बोटही लावू देत नाहीत. ते मागच्या दारानं परसात गेले. पागोळ्यांच्या अलीकडं, जिथं भिंतीलगत हातभर जागा कोरडी राहते, तिथं त्यांनी ती मुठीमुठीनं पसरली. परत आत आले, पिल्लाला एका हातानं उचललं, नेऊन त्यावर ठेवलं.

बोंबलानं वास घेतला. त्याचे मागचे पाय थरथरायला लागले. खाली बसणार असं वाटलं, तेवढ्यात त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा ताठ उभा राहिला. मी दारात होते. मी म्हटलं, "कर रे, कर." तो आणखीच आक्रसला.

"शैला," आप्पा म्हणाले, "तू आत जा."

"आप्पा, मी त्याला..."

"आत जा गो. तुला भितोय तो."

मी आत गेले. ओट्याला टेकून उभी राहिले. पागोळ्यांचा आवाज येत होता. मग आप्पांचा, हळू, मूर्तीजवळ बसून स्वतःशी बोलतात तसा. "हां. हां बाबा. होऊ दे." बऱ्याच वेळानं ते दारात आले. धोतरावर शाडूचे हात पुसत होते. "झालं," म्हणाले. "उद्या जरा कमी टाकू. परवा त्याहून कमी. गवताकडं सरकवत न्यायचं." मग जाता जाता थांबले. "टाकीन मीच. तू नको."

श्रावण लागला तोवर तो गवतावर जाऊ लागला होता. कुत्रं घालवण्याची भाषा पुन्हा कुणी काढली नाही. जित्याचा पाट मात्र परत आला नाही, आणि आप्पांनी त्याचा उल्लेख कधी केला नाही. मला काही बोलले असते तर थोडं हलकं तरी वाटलं असतं.

आज बोंबील चार वर्षांचा आहे. आडवा वाढलाय. दिवसभर आप्पांच्या खाटेपाशी असतो, त्यांची फेरी निघाली की मागोमाग चौकटीपर्यंत जातो आणि तिथंच बसतो. खायला मी घालते. खातो. माझ्यावर त्याचा राग नाही, कुत्र्यांना राग धरता येत नाही म्हणतात. अष्टमीच्या घरी आता दुसरी माणसं राहतात, दादा क्वचित फोन करतो. माहेर म्हणून जे काही आहे ते हेच, माझ्याच घरात, दुसऱ्याच्या पायाशी झोपलेलं.

परवा गोण्या उतरवून झाल्या आणि घटकाभर ऊन पडलं. मी मागच्या ओट्यावर दोरीवरचा टॉवेल काढायला गेले. तो तिथंच अंग ताणून उन्हात झोपला होता. मी टॉवेलसाठी हात वर केला. तो जागा झाला, उठला नाही, फक्त डोळे मिटून अंग जमिनीशी चपटं केलं आणि वाट बघत राहिला. मी हात तसाच वर धरून उभी होते. तो खाली कसा घ्यावा तेच मला कळेना.